ओटी सिस्टर व्हायचं असेल तर: नोंदणीपासून पहिल्या ट्रॉलीपर्यंत

ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर म्हटलं की मास्क लावून सर्जनच्या हातात कात्री ठेवणारी बाई डोळ्यांसमोर येते. ते काम आहेच, पण ड्यूटीचा तो थोडाच भाग. बाकीचा वेळ साधनं धुणं, मोजणं, पॅक बांधणं, लेबल लिहिणं, पेशंटला टेबलावर नीट झोपवणं यात जातो. आणि एखाद्या वस्तूबद्दल शंका आली तर ती बाजूला काढणं, हे सगळ्यात महत्त्वाचं. ओटीचा पहिला नियम तोच: शंका आली की ती वस्तू निर्जंतुक नाही. हाताचा वेग वर्षभरात येतो. शंका वेळेवर घेणं आणि ती मोठ्यानं बोलून दाखवणं मात्र पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावं लागतं. हे सगळं ब्रदरना, म्हणजे पुरुष नर्सनाही, तितकंच लागू आहे.

आधी नर्स, मग ओटी

बारावीनंतर थेट ओटी नर्स होता येत नाही. आधी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग करायचं, नोंदणी करायची आणि मग ओटीत उतरायचं. जीएनएम ३ वर्षांचं. बारावीला किमान ४० टक्के आणि इंग्रजीत पास असणं लागतं. शाखा कोणतीही चालते, पण सायन्सच्या मुलींना औषधशास्त्र आणि शरीररचना सोपी जाते. बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचं. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत किमान ४५ टक्के लागतात (आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे) आणि राज्यातला प्रवेश सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. कोल्हापुरातलं डी. वाय. पाटील हे अभिमत विद्यापीठ असल्यानं त्यांची पदवी स्वतःची. जीएनएम झाल्यावर पुढे २ वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, म्हणून घरच्या परिस्थितीमुळे जीएनएम निवडलं तर दार बंद होत नाही. एएनएम (सहायक नर्स-मिडवाइफचा कोर्स) २ वर्षांचं आहे, पण ते मुख्यतः उपकेंद्र आणि गावपातळीच्या आरोग्यसेवेसाठी. ओटीत स्टाफ नर्स म्हणून उभं राहायचं असेल तर तिथे थांबू नका.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. ‘सहा महिन्यांत ओटी असिस्टंट, नोकरीची हमी’ असे बोर्ड एसटी स्टँडच्या आसपास आणि तालुक्याच्या गावांत दिसतात. अशा कोर्सनं नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. नोंदणी नसेल तर कितीही वर्षं ट्रॉली लावली तरी कागदावर तुम्ही नर्स नाही. सरकारी भरतीत तुमचा अर्ज बाद होतो आणि पगारही मदतनिसाचाच राहतो. ओटी टेक्निशियनची पदवी ही वेगळी, रीतसर वाट आहे. ती भूल आणि यंत्रांच्या बाजूची आहे, नर्सिंगची नाही. फी भरण्याआधी त्या संस्थेचं नाव इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल या दोन्ही यादींत, चालू वर्षासाठी, स्वतः बघून घ्या. एजंटाच्या मोबाइलवरचा फोटो म्हणजे यादी नव्हे.

शिक्षण संपलं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखी आहे का, हे आधी तपासा. दहावीच्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं असेल, तर अर्ज तिथेच अडकतो. नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर करायचं आणि त्यासाठी सीएनईचे (नोकरीत असताना चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे) तास जमवत राहायचे. मुदत संपायला महिना राहिल्यावर प्रमाणपत्रं गोळा करायला धावू नका.

ओटीसाठी खास १ वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा इन ऑपरेशन रूम नर्सिंग आहे. त्याला नोंदणी आणि वर्षाचा अनुभव लागतो. मोठ्या शहरातल्या सुपरस्पेशालिटीत जायचं असेल तर तो कामाला येतो. पण बहुतेक सिस्टर ओटी शिकतात त्या ओटीतच, सीनिअरच्या हाताखाली.

पहिली नोकरी कुठे

पास होऊन थेट ओटीत जाऊ नये. सहा महिने ते वर्षभर सर्जिकल वॉर्ड, कॅज्युअल्टी किंवा आयसीयू करा. ऑपरेशननंतर जखमेत पू झालेला पेशंट पंधरा दिवस ड्रेसिंगला येताना बघितला की ओटीतल्या एका चुकीची किंमत कळते. बीपी पडणं, ऑक्सिजन खाली जाणं, शॉक ओळखणं ही नजरही तिथेच तयार होते.

कोल्हापुरात दोन तऱ्हेच्या जागा मिळतात. एक म्हणजे राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्कातली एक-दोन टेबलांची खासगी हॉस्पिटलं. तिथे तुम्हीच स्क्रब (निर्जंतुक होऊन सर्जनला साधनं देणारी), तुम्हीच फ्लोअर (बाहेरून सामान पुरवणारी) आणि संध्याकाळी ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्रही तुम्हीच चालवायचं. हात लवकर बसतो, पण जुन्या सिस्टरची चुकीची पद्धतसुद्धा तशीच अंगवळणी पडते. दुसरी तऱ्हा मोठ्या हॉस्पिटलांची, जिथे सीएसएसडी (साधनं निर्जंतुक करणारा विभाग) वेगळा, काउंटचा (साधनं आणि मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडं, मोजण्याचा) फॉर्म वेगळा आणि प्रत्येक गोष्टीची लेखी पद्धत. निवड हातात असेल तर पहिलं वर्ष मोठ्या ठिकाणी काढा, पद्धत पक्की करा, मग लहान ठिकाणी जा. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथे किंवा कुठल्याही सरकारी रुग्णालयात भरती होते ती अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) या पदावर. ओटीत पोस्टिंग मिळेल की नाही हे नंतर ठरतं, म्हणून रुजू होतानाच ओटीची इच्छा लेखी कळवून ठेवा.

मुलाखतीत पगाराबरोबर आणखी चार गोष्टी विचारा: मॉप-इन्स्ट्रुमेंटचा लेखी काउंट होतो का, ऑटोक्लेव्ह कोण चालवतं, सुई टोचली तर काय व्यवस्था आहे, आणि ऑन-कॉल (गरज पडली की घरून बोलावणं) महिन्यातून किती रात्री. पहिल्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर सावध व्हा.

रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण करा: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी असे ३ डोस. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी रक्तातली अँटीबॉडी तपासा. १० मिली-आययूच्या वर असेल तर संरक्षण आहे. ही तपासणी बहुतेक जण टाळतात आणि सुई टोचल्यावर आठवते.

अंगठी, बांगड्या, घड्याळ, नेलपॉलिश, खोटी नखं ओटीत चालत नाहीत. बांगड्यांवरून नवीन मुलींची फार घालमेल होते. ती समजण्यासारखी आहे, पण बांगडीखाली आणि अंगठीखाली कातडी नीट धुतली जातच नाही. मंगळसूत्र काढून ठेवणं सगळ्यात बरं. ते जमत नसेल तर ओटी ड्रेसच्या आत, बाहेर लोंबणार नाही असं पिन करून. केस पूर्ण टोपीत. आणि खाऊन या. उपाशीपोटी पहिली केस बघताना चक्कर येते. डोळ्यांपुढे अंधारी आली तर टेबलाला किंवा ट्रॉलीला धरू नका. दोन पावलं मागे या आणि भिंतीला टेकून सरळ खाली बसा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ट्रॉलीवर पडलात तर मात्र केस थांबते.

हात धुणं आणि निर्जंतुक हद्द

सर्जिकल स्क्रब दिवसाच्या पहिल्या केसला ५ मिनिटं, पुढच्या केसेसना ३ मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात बघून, मनातल्या मनात मोजून नव्हे. नखांखालची घाण आधी काढायची. ब्रश फक्त नखांना. कातडीला ब्रश घासला की बारीक ओरखडे पडतात आणि जंतू त्यातच राहतात. मग बोटं, तळवा, मागची बाजू, मनगट, कोपराच्या वर दोन इंच, या क्रमानं. हात सतत कोपरापेक्षा वर. पाणी बोटांकडून कोपराकडे वाहून तिथून गळलं पाहिजे. पुसतानाही बोटांपासून कोपरापर्यंत. टॉवेलचं एक टोक एका हाताला, दुसरं दुसऱ्याला, आणि कोपराला लागलेला टॉवेल परत बोटांकडे आणायचा नाही.

गाऊन घातला म्हणजे सगळं अंग निर्जंतुक झालं, असा नवीन मुलींचा समज असतो. प्रत्यक्षात हद्द फार छोटी आहे: समोरून छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंत, आणि बाह्या कोपराच्या दोन इंच वरपासून कफपर्यंत. पाठ, काखा, मान, कमरेखालचा भाग हद्दीबाहेर. म्हणून हात कधी काखेत दाबायचे नाहीत, खाली सोडायचे नाहीत, दुसऱ्या स्क्रब झालेल्या माणसाच्या मागून जाताना पाठीला पाठ करून जायचं. ट्रॉलीचाही फक्त वरचा पृष्ठभाग निर्जंतुक. चादरीचा जो भाग कडेवरून खाली लोंबतो तो गेला. तिथे घसरलेला दोरा वर ओढून घ्यायचा नाही, कापून टाकायचा. पॅकच्या कडेचा एक इंचही हद्दीबाहेर. फ्लोअरच्या माणसानं ट्रॉलीपासून किमान एक फूट लांब राहायचं.

ग्लोव्हज बंद कफमधून घालायला शिका, म्हणजे गाऊनच्या बाहीतून बोटं बाहेर न काढता. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही. घरी जुना फुलबाह्यांचा शर्ट आणि साधे ग्लोव्हज घेऊन रोज दहा वेळा करा, आठवड्यात जमतं. आपला साइज पक्का माहीत असू द्या: ६, ६.५, ७. सैल ग्लोव्हजच्या टोकात सुई अडकते, घट्ट ग्लोव्हजमध्ये दोन तासांनी बोटं बधिर होतात.

ऑटोक्लेव्ह: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

लहान हॉस्पिटलात नवीन सिस्टरला ऑटोक्लेव्हचं बटण दाखवतात, त्यामागचं कारण कोणी सांगत नाही. वाफेनं जंतू मारायचे तर १२१ अंश तापमान, १५ पौंड दाब आणि किमान १५ ते २० मिनिटं. कापडात बांधलेल्या पॅकला ३० मिनिटं द्यावीत, कारण वाफ आत पोचायला वेळ लागतो. व्हॅक्यूमच्या मोठ्या मशिनमध्ये १३४ अंशांना ३ ते ४ मिनिटं पुरतात. वेळ मोजायची ती तापमान गाठल्यापासून, बटण दाबल्यापासून नव्हे.

उभ्या कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये आतली हवा आधी बाहेर काढावी लागते. व्हॉल्व्ह उघडा ठेवून वाफेचा सलग जोरदार झोत येईपर्यंत थांबायचं, मग बंद करायचा. हवा आत राहिली तर काटा १५ पौंड दाखवतो, पण आत १२१ अंश कधीच होत नाहीत. वाफ आणि हवेच्या मिश्रणाचं तापमान त्याच दाबाला कमी असतं. काटा बघून खूश व्हायचं आणि आत जंतू जिवंत, अशी ही चूक आहे.

ड्रम (कापड आणि साधनं ठेवायचा स्टीलचा डबा) वापरत असाल तर आत ठेवताना त्याच्या बाजूच्या खिडक्या उघड्या आणि काढल्या काढल्या बंद. ठेवताना उघडायला विसरलात तर वाफ आत गेलीच नाही. नंतर बंद करायला विसरलात तर खोलीतली हवा आत गेली. पॅक उभे ठेवायचे, एकमेकांत जागा सोडून. वाट्या आणि बाऊल कलते, नाहीतर त्यात पाणी साठतं.

पॅकवरची टेप काळी पडली म्हणजे पॅकला वाफेची उष्णता लागली, इतकंच कळतं. आतपर्यंत वाफ पोचली का हे पॅकच्या मधोमध ठेवलेली केमिकल पट्टी सांगते. जंतू खरोखर मेले का हे जैविक इंडिकेटर सांगतो, ज्यात उष्णतेला सगळ्यात चिवट असणारे जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे बीजाणू असतात. तो निदान आठवड्यातून एकदा लावावा. व्हॅक्यूम मशिनला रोज सकाळी पहिल्या रिकाम्या फेरीत बोवी-डिक चाचणी, म्हणजे आतली हवा पूर्ण निघते का हे कळतं.

ओला पॅक म्हणजे निर्जंतुक नसलेला पॅक, मग टेप कितीही काळी असो. ओल्या कापडातून जंतू बाहेरून आत शिरतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही खरी डोकेदुखी. पावसाळ्यात लिनन दोन दोन दिवस वाळत नाही आणि दमट कापडच पॅकला वापरलं जातं. लिनन पूर्ण कोरडं करूनच बांधा, ड्राइंग सायकल २० ते ३० मिनिटं पूर्ण होऊ द्या आणि गरम पॅक थंड फरशीवर किंवा स्टीलच्या टेबलावर लगेच ठेवू नका. खालून घाम सुटतो.

साधनं धुताना कुलुपं उघडी, जोड सुटे. रक्त वाळू द्यायचं नाही, पण सलाइनमध्येही भिजवायचं नाही. मिठानं स्टीलला खड्डे पडतात. एन्झाइमच्या पाण्यात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. ब्रश पाण्याखाली चालवायचा, म्हणजे शिंतोडे डोळ्यांत येत नाहीत. पॅक करण्याआधी प्रत्येक साधनाची परीक्षा: आर्टरी (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) पहिल्या दात्यावर बंद करून तळव्यावर आपटा, उघडली तर दुरुस्तीला. नीडल होल्डरमध्ये सुई धरून बोटानं फिरवून बघा, फिरली तर बाजूला. कात्री टोकाशी गॉज कापते का बघा. पोट उघडं असताना आर्टरी निसटणं म्हणजे काय, हे सर्जनकडून ऐकण्यापेक्षा आधी तळव्यावर आपटलेलं बरं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनची साधनं वेगळी सांगायला हवीत. २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये २० मिनिटं ठेवलं की वरच्या पातळीचं जंतुनाशन (हाय-लेव्हल डिसइन्फेक्शन) होतं, बीजाणू मरायला मात्र १० तास लागतात. सक्रिय केलेलं द्रावण साधारण १४ दिवस चालतं, त्यामुळे डब्यावर तारीख हवीच. तिथून काढल्यावर साधनं निर्जंतुक पाण्यानंच धुवायची. नळाच्या पाण्यानं किंवा उकळून गार केलेल्या पाण्यानं धुतली तर त्यातले क्षयरोगाच्या जातकुळीतले जंतू पोटात जातात. पेशंट घरी जातो, टाके भरतात आणि महिना-दीड महिन्यानं बेंबीजवळच्या छिद्रातून पाणी यायला लागतं. साध्या अँटिबायोटिकला ते दाद देत नाही, उपचार महिनोन्‌महिने चालतात. त्यामुळे जे साधन ऑटोक्लेव्ह किंवा ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) सहन करतं ते त्यातच घाला.

सिझेरियनची ट्रॉली लावताना

पहिली मोठी केस बहुधा सिझेरियनचीच मिळते. ट्रॉली प्रत्येक हॉस्पिटलात थोडी वेगळी, पण साधारण अशी: पेंटिंगसाठी (कातडीला जंतुनाशक लावायला) स्पंज होल्डर २, टॉवेल क्लिप ४, ४ नंबरच्या हँडलला २२ नंबरचं ब्लेड, लांब आर्टरी ६, ॲलिस (कडा धरायचा चिमटा) ४ ते ६, ग्रीन आर्मिटेज (गर्भाशयाच्या कडांचा चिमटा) ४, डॉयनचा रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायला), दातेरी आणि साधा चिमटा, मेयो कात्री आणि टाके कापायची कात्री, नीडल होल्डर २, सक्शनची नळी, बाऊल, किडनी ट्रे, पाच मॉप, दहा गॉज, कॉर्ड क्लॅम्प. ब्लेड बोटांनी कधीच चढवायचं नाही, आर्टरीत धरून चढवायचं.

ज्या क्रमानं मागितलं जातं त्या क्रमानं मांडा. चाकू, मॉप, डॉयन, पुन्हा चाकू, सक्शन. मग बाळ. इथून पुढे दोन मिनिटं फार घाईची असतात: क्लॅम्प दोन, मध्ये कात्री, लगेच ग्रीन आर्मिटेज गर्भाशयाच्या कडांना, आणि लोड केलेला नीडल होल्डर. गर्भाशयाला बहुतेक सर्जन १ नंबरचं व्हिक्रिल (विरघळणारा दोरा) घेतात. दोऱ्याच्या आकड्यात नवशिक्यांचा गोंधळ होतो: १ हा १-० पेक्षा जाड, आणि शून्य जितके जास्त तितका दोरा बारीक, म्हणजे ३-० हा २-० पेक्षा बारीक. आतल्या मऊ भागाला गोल सुई, कातडीला कटिंग. सुई धरताना टोकापासून दोन तृतीयांश अंतरावर धरा. अगदी दोऱ्याच्या जोडाशी धरली तर वाकते.

फ्लोअर सिस्टरनं या केसला उजव्या कुशीखाली वेज किंवा गुंडाळलेली चादर द्यायची, म्हणजे पेशंट साधारण १५ अंश डावीकडे कलते. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडला तर स्पायनलनंतर (पाठीच्या मणक्यात दिलेल्या भुलीनंतर) बीपी झपकन पडतं.

काउंट

काउंट किमान तीन वेळा: चाकू लावण्याआधी, पोटाचा आतला थर बंद करण्याआधी, कातडी शिवण्याआधी. सिझेरियनमध्ये गर्भाशय बंद करण्याआधीही एकदा, कारण पोकळीच्या आत ती दुसरी पोकळी आहे. स्क्रब आणि फ्लोअर, दोघींनी मिळून, मोठ्यानं, एकेक मॉप सुटा करून. गठ्ठा हातात धरून ‘पाच’ म्हणायचं नाही. दोन मॉप चिकटलेले असतात, कधी कारखान्यातूनच सहा येतात. फळ्यावर लगेच लिहायचं. वापरायचे ते फक्त एक्स-रेत दिसणारा धागा असलेले मॉप, आणि पोटात गेलेल्या मॉपच्या नाडीला आर्टरी बाहेर लावलेली. मॉप कापून अर्धा करायचा नाही, काउंटचा मॉप ड्रेसिंगला वापरायचा नाही, आणि केस संपेपर्यंत कचऱ्याची पिशवी ओटीबाहेर न्यायची नाही. मावशींना हे आधीच सांगून ठेवा. हरवलेला मॉप बऱ्याचदा त्या पिशवीत सापडतो.

आकडा जुळला नाही तर त्या क्षणी बोला: ‘सर, काउंट जुळत नाही, एक मॉप कमी आहे.’ एवढंच, स्पष्ट आवाजात. सर्जन चिडले तरी पुन्हा तेच वाक्य. आधी पोटात बघतील, मग ड्रेपखाली (पेशंटवरच्या निर्जंतुक चादरीखाली), जमिनीवर, बुटाखाली, पिशवीत. तरीही नाही सापडला तर टेबलावरच एक्स-रे आणि केसपेपरवर नोंद. ‘मोजताना माझंच चुकलं असेल’ असं मनाशी म्हणून गप्प बसणं हा या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे. तुमचं चुकलेलं निघालं तर पाच मिनिटं गेली. मॉप आत राहिला तर त्या माणसाला दुसरं ऑपरेशन, आणि त्याआधीचे कितीतरी दिवस दुखणं.

फ्लोअरवर असताना

पेशंट आत आला की त्याच्याच तोंडून नाव, कोणतं ऑपरेशन, कोणती बाजू हे विचारा. ‘तुम्ही शांताबाई ना?’ असं विचारलं तर घाबरलेला माणूस हो म्हणतो. ‘तुमचं नाव सांगा काकू’ असं विचारायचं. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ पासूनची सेफ्टी चेकलिस्ट तीन थांब्यांची आहे: भूल देण्याआधी, चाकू लावण्याआधी, आणि पेशंट ओटीबाहेर जाण्याआधी. कागदावर आधीच टिक करून ठेवू नका, मोठ्यानं वाचा. अँटिबायोटिक चाकू लावण्याआधीच्या ६० मिनिटांत गेलं का, हेही त्यातच येतं.

हात आर्म बोर्डवर ९० अंशांपेक्षा जास्त ताणू नका, खांद्याच्या नसा दुखावतात. लिथोटॉमीत (उताणं झोपवून पाय वर टांगतात त्या स्थितीत) दोन्ही पाय एकाच वेळी उचलायचे आणि एकाच वेळी, सावकाश खाली आणायचे. नाहीतर कंबर पिळवटते, आणि झटकन खाली आणले तर बीपी पडतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पट्टा टेकत असेल तर तिथे पॅड हवंच. कॉटरीची (विजेनं रक्त थांबवणाऱ्या यंत्राची) प्लेट मांसल, कोरड्या, केस नसलेल्या भागावर, पूर्ण चिकटलेली. हाडावर किंवा शरीरात बसवलेल्या रॉडवर लावली तर भाजतं. स्पिरिटचं पेंटिंग पूर्ण वाळेपर्यंत कॉटरी चालू करू द्यायची नाही. खाली साठलेल्या स्पिरिटला ठिणगी लागून पेशंट भाजू शकतो.

बायोप्सीचा तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या साधारण दहापट. कल्चरला पाठवायचा असेल तर फॉर्मलिन अजिबात नाही, फ्रोझनलाही (ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तपासणीलाही) नाही. म्हणून बरणीत टाकण्याआधी सर्जनना विचारा. लेबल बरणीवर, झाकणावर नको, झाकणं बदलतात.

शिरोली, गोकुळ शिरगावची एमआयडीसी, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि हायवे यांमुळे आपल्या भागात हात-पायांच्या दुखापती खूप येतात, तेव्हा ऑर्थोची तयारी लवकर करा. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूला २.५ चं ड्रिल बिट, ४.५ च्या स्क्रूला ३.२ चं, एवढं पाठ असलं तरी प्लेटिंगच्या केसमध्ये निम्मी धावपळ वाचते. टूर्निके (रक्तप्रवाह थांबवायचा फुगवायचा पट्टा) फुगवल्याची वेळ फळ्यावर लिहा, तासाभरानं सर्जनना सांगा, दोन तासांच्या पुढे जाऊ देऊ नका. सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे मशिन) चालू असताना लेड ॲप्रन घाला आणि नंतर तो टांगून ठेवा. घडी घातली की आतलं शिसं तडकतं.

सुई टोचली तर

जखम साबण-पाण्यानं धुवा, दाबून रक्त काढू नका, तोंडात बोट घालू नका. लगेच इन्चार्जना सांगा. एचआयव्हीचा धोका असेल तर औषध शक्यतो २ तासांत, जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हायला हवं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. केस संपल्यावर बघू म्हणू नका, तुमच्या जागी दुसरी स्क्रब होऊ शकते. टोचण्याचे बरेच प्रसंग टळतात ते सुईला टोपण परत न घातल्यानं आणि चाकू हातात न देता किडनी ट्रेमधून दिल्यानं. सुया-ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. रक्ताळलेला कापूस, वार पिवळ्यात. ग्लोव्हज, सलाइनच्या नळ्या लाल. काच निळ्यात.

तयार व्हायला किती दिवस

पहिला महिना साधनं ओळखणं, धुणं आणि फ्लोअर. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सीनिअरबरोबर हायड्रोसील, हर्निया, अपेंडिक्स. सहा महिन्यांत सिझेरियन एकटीनं निभावता यायला हवं. हाड, दुर्बीण यांना वर्ष लागतं. खिशात एक छोटी डायरी ठेवा आणि प्रत्येक सर्जनचं पान वेगळं करा: ग्लोव्हजचा साइज, कोणता दोरा, कोणती सुई, पेंटिंग कशानं, ड्रेन लागतो का. पेशंटचं नाव मात्र त्यात कधी लिहू नका.

पावसाळ्याआधी ऑन-कॉलची घरी बोलणी करून ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेनं रस्ते बंद केले होते. नदीपलीकडे राहत असाल तर पाणी इशारा पातळीकडे चढू लागतानाच हॉस्पिटलमध्ये मुक्कामाची सोय मागून घ्या. त्या दिवसांत ओटीत जादा कोरडं लिनन, जनरेटरचं डिझेल आणि भरलेले ऑक्सिजन सिलिंडर आधीच हवेत.

रोज ड्यूटी संपवताना इमर्जन्सी सिझेरियनचा एक सेट कपाटात तयार आहे का बघा. पॅक कोरडा, टेप काळी, तारीख मुदतीतली. लॅरिंगोस्कोपचा बल्ब पेटवून बघा, सक्शन चालू करून बघा, बॅटरीचे सेल तपासा. जे कमी आहे ते रजिस्टरमध्ये लिहा आणि रात्रीच्या सिस्टरला तोंडानंही सांगा.